गुरुवारी एल्क

जॅक्सनमधल्या बऱ्यापैकी स्टेकहाऊसात टेबल मिळालं ते नेमकं गुरुवारी रात्री आठचं. गुरुवारी आमच्याकडे फ्रीजमधलं अंडंसुद्धा तोंड फिरवून बसतं. मी म्हणालो, "वायोमिंगमध्ये गुरुवार रात्रीचे आठ म्हणजे कोल्हापुरात शुक्रवार सकाळचे साडेआठ. शुक्रवार चालतो आपल्याला." ही म्हणाली, "जेवणार कुठे आहात, इथे की कोल्हापुरात?" पण पुतण्यानं ओळखी लावून ते टेबल मिळवलं होतं, तेव्हा त्या रात्रीपुरती दत्तमहाराजांना भारतीय वेळ लागू झाली. ही स्वतः सूप आणि बटाट्यावर राहिली. म्हणजे साक्षीदाराची सोय झाली.

पुतण्या जॅक्सनमध्ये हॉटेलात कामाला आहे. राहतो मात्र डोंगरापलीकडे, आयडाहोतल्या व्हिक्टर गावात. जॅक्सनची भाडी परवडायला हॉटेलात नोकरी असून भागत नाही, हॉटेल असावं लागतं. बिचारा रोज 8,431 फुटांची टेटन खिंड ओलांडून जातो-येतो. ती खिंड मी डोळे मिटून पार केली, त्यामुळे देखावा कसा होता ते हिला विचारा.

स्थळदर्शन दुपारपर्यंत उरकलं. चौकाच्या चार कोपऱ्यांवर एल्कच्या गळलेल्या शिंगांच्या चार कमानी आहेत. मिलियन डॉलर काउबॉय बारमध्ये स्टुलांऐवजी खोगिरं आहेत. चढलो मी एकटा, उतरायला पुतण्या लागला. मग घोड्यांच्या बर्फगाडीतून नॅशनल एल्क रेफ्यूज. हे अभयारण्य 1912 सालचं. हिवाळ्यात हजारो एल्क डोंगर उतरून इथे मुक्कामाला येतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलता. गाडीजवळच बसलेला एक नर माझ्याकडे शांतपणे बघत रवंथ करत होता. माझा रात्रीचा बेत त्याला ठाऊक नव्हता. हिला होता, आणि ही आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होती.

रात्री वेटरनं नम्रपणे विचारलं, "एल्क कसं शिजवू?" हा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे मटण एक तर शिजलेलं असतं, नाही तर घरात भांडण असतं. मी म्हणालो, "वेलडन." त्याचा चेहरा सुतकाची तार आल्यासारखा झाला. त्यानं समजावलं की एल्कमध्ये चरबी अगदी कमी. फार शिजवलं की रस आटतो आणि मांस चिवट होतं. मीडियम रेअर घ्या. आतून किंचित गुलाबी असेल, इतकंच.

सुरी लावली आणि ते किंचित गुलाबी वाहत वाहत हिच्या बटाट्यांच्या दिशेनं निघालं. ही म्हणाली, "अहो, हा सकाळचाच का?" ताट परत गेलं. आलं, पुन्हा गेलं. शेवटच्या खेपेला खुद्द शेफ ते घेऊन आला आणि नातेवाइकाला स्टेशनवर सोडावं तसा क्षणभर थांबून, काही न बोलता निघून गेला. तुकडा आता तपकिरी होता, निम्मा झाला होता आणि सुरीला दाद देत नव्हता. मी सगळा जोर लावून चावलो. काहीतरी कडाडलं. एल्क शाबूत होतं. माझ्या दाढेची कॅप निघाली होती.

मी रुमालात कॅप गुंडाळत असताना वेटर धावत आला. विषय बदलायला मी विचारलं, "एल्क इथलंच ना?"

"नाही सर, न्यूझीलंडचं."

शिकार केलेल्या रानटी एल्कचं मांस विकायला इथे कायद्यानं बंदी आहे. हॉटेलात येतं ते पाळीव, कुंपणातलं, बहुतेकदा न्यूझीलंडहून गोठून आलेलं. मला खरोखर राग आला. गावाबाहेर हजारो एल्क बसलेत, भिंतीवर एल्कचं मुंडकं, चौकात एल्कची शिंगं, आणि ताटात अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून आलेला पाहुणा! वर वीस टक्के टिप. ही शांतपणे म्हणाली, "न्यूझीलंडमध्ये आत्ता शुक्रवार संध्याकाळ असेल. म्हणजे तुमचं सगळं नियमातच बसलं."

दुसऱ्या दिवशी व्हिक्टरला शेजारचे म्हातारबुवा सुजलेला गाल बघायला आले. पूर्वी सुतारकाम करायचे. जाताना फ्रीझरमधलं, पांढऱ्या कागदात बांधलेलं एक पुडकं हिच्या हातात ठेवून गेले. त्यांनी स्वतः मारलेला एल्क. मी खिशात हात घातला तसा पुतण्यानं माझा हात धरला. "काका, हे विकता येत नाही. नुसतं देता येतं." मग हळूच म्हणाला, "गुडघा गेलाय त्यांचा. हा बहुतेक शेवटचा."

खिशातला हात मी बराच वेळ बाहेर काढला नाही.

व्हिक्टर सहा हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळसुद्धा आपला स्वभाव सोडत नाही. पण पुतण्याकडे कुकर होता आणि हिच्या बॅगेत कांदा-लसूण मसाला. रविवारी तांबडा रस्सा झाला. मी डाव्या बाजूनं जेवलो, पण जेवलो. म्हातारबुवांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या तरी वाटी खाली ठेवायला तयार नव्हते. आयुष्यभर एल्क खाल्लं, म्हणाले, असं मऊ कधी खाल्लं नाही. किती वेळ शिजवलं?

"सहा शिट्ट्या," ही म्हणाली.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, वहीत नीट लिहून घेतलं आणि पुतण्याला हलक्या आवाजात विचारलं, "त्या कुणी वाजवायच्या?"