आठाची वारी

पुण्यात आलेल्या पाहुण्याला शनिवारवाडा, सारसबाग आणि पर्वती दाखवण्याची पद्धत आहे. ही तिन्ही ठिकाणं जागच्या जागी असतात, त्यामुळे त्यांच्यावरून शहराची काही कल्पना येत नाही. पुणं चाकांवर असतं. ते पाहायचं तर वाहन चालवण्याचा परवाना काढायला निघावं, आणि जमल्यास एखाद्या परदेशी माणसाबरोबर निघावं. मला ही संधी भाचीने मिळवून दिली. तिने स्टुटगार्टचा इंजिनिअर नवरा केला, त्याला चाकणला नोकरी लागली आणि दोघं कोथरूडला राहायला आली.

जावईबापूंकडे जर्मन लायसन्स होतं, आंतरराष्ट्रीय परमिट होतं, पण दोन्ही मोटारीची. कोथरूडच्या सोसायटीत मोटार मिळते, ती लावायला जागा मिळत नाही. म्हणून स्कूटर घ्यायचं ठरलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहनाच्या प्रत्येक प्रकाराची परवान्यात वेगळी नोंद लागते. म्हणजे जर्मनीच्या महामार्गावर ताशी दोनशेने मोटार हाकलेल्या गृहस्थाला स्कूटरसाठी शिकाऊ परवान्यापासून सुरुवात.

आधार कार्ड असलेल्यांना २०२१पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. शेजारच्या जोशांच्या मुलाने ती पोहे खाता खाता दिली. जावईबापूंकडे आधार नव्हतं. होता तो पासपोर्ट, व्हिसा, परदेशी नागरिक म्हणून केलेली नोंदणी आणि नोंदणीकृत भाडेकरार. शिवाय वय चाळिशीपार, म्हणून डॉक्टरांचा नमुना १-अ. हे सगळं ‘सारथी’ संकेतस्थळावर चढवून, वेळ घेऊन आम्ही संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो.

जाताना त्यांना मी जागेचा इतिहास सांगितला. पेशवाईत याच संगमावर इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीची लढाई जुंपली, तसा हा रेसिडेंट, एल्फिन्स्टन, नदी ओलांडून आपल्या फौजेला जाऊन मिळाला आणि मागे बंगला जळाला. जावईबापूंनी विचारलं, “मामा, त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा होता का?” तेव्हाच मला वाटलं, हा माणूस पुण्यात टिकेल.

परीक्षा संगणकावर असते आणि साठ टक्क्यांना पास करतात. जावईबापू बाहेर आले ते चिंताक्रांत चेहऱ्याने. पादचारी रस्ता ओलांडायला उभे असतील तर काय कराल, असा प्रश्न होता. हॉर्न वाजवून पुढे जाल, वेग कमी करून हॉर्न वाजवत जाल, की थांबून त्यांना जाऊ द्याल? त्यांनी तिसरं उत्तर दिलं होतं. “बरोबर आहे,” मी म्हटलं. “मग बाहेर सगळे पहिलं उत्तर का देतात?” मी त्यांना चहा प्यायला नेलं.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परीक्षेसाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि मागे बसायचं तर परवानाधारक शिकवणाऱ्यानेच. ती जागा माझ्याकडे आली. शिकवणाऱ्याने गाडी आवरता येईल असं बसावं, अशी नियमाची अपेक्षा. स्कूटरच्या मागच्या सीटवरून आवरता येतो तो फक्त स्वतःचा जीव. पहिल्याच दिवशी जावईबापूंनी माझ्या हातात हेल्मेट दिलं. मागे बसणाऱ्यालाही ते लागतं, हे त्यांनी कायद्यात वाचलं होतं. ज्या शहरात जानेवारी २०१९मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्या शहरात मी हेल्मेट घालून सदाशिव पेठेत मागे बसलो. चार ओळखीचे भेटले. तब्येतीची चौकशी चौघांनीही केली.

सराव पेठांतून सुरू झाला. पत्र्या मारुतीला डावीकडे, पुढे खुन्या मुरलीधर, असे मी रस्ते सांगत होतो. मुरलीधराला हे नाव कसं पडलं, म्हणून त्यांनी विचारलं. पेशवाईत देवळापाशी मारामारी होऊन रक्त सांडलं, एवढं सांगितलं. “पार्किंगवरून?” त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. तोपर्यंत त्यांना पी-वन आणि पी-टूचे फलक कळले होते: सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाडी, विषमला दुसऱ्या. जर्मन माणसाला अशी व्यवस्था मनापासून आवडते. ते सकाळी उठून आधी कॅलेंडर बघू लागले. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, एकाने जायचं आणि दुसऱ्याने यायचं, हेही त्यांना पसंत पडलं. समोरून उलट येणाऱ्या स्कूटरवाल्याने त्यांनाच “दिसत नाही का?” विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी बाजूला थांबून फलक पुन्हा वाचला.

एकदा झेब्रा क्रॉसिंगवर एक आजी उभ्या दिसल्या आणि जावईबापूंनी परीक्षेतलं तिसरं उत्तर दिलं. गाडी थांबली. आजींचा विश्वास बसेना. त्या पुढे येईनात, हे हलेनात. मागे हॉर्नचा वाद्यवृंद. शेवटी आजीच कडाडल्या, “जायचंय तर जा की रे! वाट अडवून काय उभा राहतोस?” जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

दुचाकीची पक्की परीक्षा आळंदी रस्त्यावर. ज्येष्ठात माउलींची पालखी ज्या रस्त्याने पुण्यात येते, त्याच रस्त्याने आम्ही भक्तिभावाने गेलो. तिथे जमिनीवरच्या आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची. जावईबापूंनी आठ असा काढला की बघतच राहावं. रांगेतल्या एका मुलाने त्यांना विचारलं, “सर, कुठला क्लास लावला होता?” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “सदाशिव पेठ.” रिक्षा, खड्डा, भाजीची गाडी आणि अचानक दार उघडणारी मोटार यांच्यामधून रोज घर गाठणाऱ्याला मोकळ्या मैदानातला आठ म्हणजे विश्रांतीच.

कार्ड टपालाने घरी आलं. तोपर्यंत जावईबापूंचं नदी, पेठा, मारुती, मुरलीधर, लढाया आणि आज्या असं सगळं पुणं पाहून झालं होतं. शनिवारवाडा राहिला, त्याची त्यांना खंत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे परदेशातून कोणी राहायला आलं, तर आधी त्याचा ‘सारथी’वर अर्ज भरा. पर्वती कुठे पळून जात नाही. फक्त तारखा सांभाळा. शिकाऊ परवाना सहा महिन्यांनी संपतो. पाहुणचारही साधारण तेवढ्यात उरकलेला बरा.