वर तार, खाली सरकार

मुळशी, मावळ आणि राजगड (पूर्वीचे वेल्हे) या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर शनिवार-रविवारी आढळणाऱ्या तारपंथी मनुष्याची ओळख वाचकांना करून देण्याची गरज नाही, कारण पुण्याच्या प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत असा एक जण असतोच आणि सोमवारी सकाळी गाडीवरचा चिखल तो मुद्दाम धूत नाही. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी गाडी, म्हणजे फोर बाय फोर, हे त्याचे वाहन. रस्ता सोडून ती हाकणे, ज्यास ऑफ-रोडिंग म्हणतात, हा त्याचा छंद. आणि अतिउच्च दाबाच्या वीजवाहिनीखालचा मोकळा पट्टा हे त्याचे तीर्थक्षेत्र. हा पट्टा त्याला गुरुवारी रात्री उपग्रहाच्या छायाचित्रात सापडतो. दाट झाडीतून सरळ गेलेली फिकट रेघ त्यात दिसते, गट क्रमांक दिसत नाहीत, बांधांवरची नावे तर नाहीतच, आणि एवढ्या पुराव्यावर तारपंथी आपले सिद्धवचन उच्चारतो: ‘वर तार, खाली सरकार.’ जिच्यावरून विजेची तार गेली ती जमीन सरकारजमा झाली, असा या वचनाचा अर्थ असून, तो इतक्या ठामपणे सांगितला जातो की मागच्या आसनावर बसलेला वकील मित्रही क्षणभर स्वतःच्या पदवीविषयी साशंक होतो.

कायदा नेमके याच्या उलट सांगतो. दुसऱ्याच्या जमिनीचा ठराविक, मर्यादित कारणापुरता वापर करण्याच्या हक्कास भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये सुविधाधिकार म्हटले आहे. शेजाऱ्याच्या शेतातून आपल्या शेताकडे जाणारी वाट किंवा त्यातून येणारा पाण्याचा पाट ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. अशा वाटेचा वापर शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे झाला, तर तो हक्क दृढ होतो. तारपंथ्याच्या लक्षात यातली २० वर्षे तेवढी राहतात, आणि एकाच खाचरातून दोन पावसाळे गाडी घातल्यावर तो उरलेल्या १८ वर्षांचा हिशेब मांडू लागतो. त्याचा सायलेन्सर ऐकलेला मनुष्य मात्र ‘शांततेने’ या अटीपाशीच थबकेल. वीजवाहिनीचा हक्क तर याहूनही अरुंद आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ खाली पारेषण कंपनीला, म्हणजे उच्च दाबाने वीज दूरवर वाहून नेणाऱ्या कंपनीला, भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील अधिकार देता येतात, आणि त्या जुन्या अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे तार नेणाऱ्यास त्या मालमत्तेत वापरापलीकडे कोणताही हक्क मिळत नाही. शिवाय काम करताना शक्य तितके कमी नुकसान करून, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई त्याने द्यायची असते. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीखाली सुमारे ३५ मीटर आणि ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीखाली सुमारे ४६ मीटर रुंदीचा पट्टा राखला जातो, त्यात घर बांधता येत नाही व उंच झाड वाढू देता येत नाही; पण सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि भातही त्याचेच असते. मुळशीकरांना वीज आणि जमीन यांचे नाते अधिनियमांतून शिकावे लागत नाही. मुंबईला वीज पुरवणाऱ्या धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये याच खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला, आणि पांडुरंग महादेव बापट यांच्या नावामागे ‘सेनापती’ लागले ते त्याच लढ्यामुळे. त्याच खोऱ्यात तारपंथी शंभर वर्षांनी संगीत लावून येतो.

आषाढातील एका रविवारी मावळातल्या एका खाचराच्या कडेला जे घडले ते या संप्रदायाचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. अप्रोच अँगल, म्हणजे गाडीचा पुढचा बंपर न टेकता जितका चढ चढता येतो तो कोन, आपल्या गाडीचा ४१ अंशांहून अधिक असल्याचे सोबत्यांना समजावून देत तारपंथ्याने समोरचा बांध नजरेने मोजला, तो ३० अंशांचा ठरवला आणि गाडी घातली. खाचरात पाणी धरून ठेवणे हे बांधाचे एकमेव काम असते. तो खचला की वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते आणि नुकतेच लावलेले रोप आडवे होते, ही बाब अंशांत मोजता येत नसल्याने हिशेबातून राहून गेली होती. शेतकरी धावत आला, तेव्हा तारपंथ्याने काच अर्धी खाली करून अत्यंत सौजन्याने सांगितले, ‘मामा, लाइनची जागा आहे ही. वर तार, खाली सरकार.’ शेतकऱ्याने वर पाहिले, मग खाली पाहिले आणि विचारले, ‘मग ह्ये भात काय सरकारनं लावलंय व्हय, सायेब?’ यावर तारपंथ्याने मनोऱ्यावरचा कवटीचे चित्र असलेला धोक्याचा फलक दाखवला, कारण त्या शिवारात त्याला उपलब्ध असलेला तेवढा एकच सरकारी कागद होता. येथे एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवणे न्यायाचे ठरेल: चिखलणी, म्हणजे खाचरातली माती पाण्यात कालवून मऊ करण्याचे कष्टाचे काम, तो विनामूल्य आणि विलक्षण उत्साहाने करतो, फक्त लावणीपूर्वी करण्याऐवजी लावणीनंतर करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे फौजदारीपात्र अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो, हेही त्याला ठाऊक असते, आणि आपला उद्देश केवळ चिखलाचा होता असे तो प्रामाणिकपणे सांगू शकतो.

सिद्धवचनाची व्याप्ती तारेपुरती राहत नाही, हा या संप्रदायाचा खरा पराक्रम होय. इंधनवाहू नळ ज्या शेतांखालून जातो तेथे १९६२ च्या नळमार्गविषयक अधिनियमान्वये केवळ वापराचा हक्क संपादन केला जातो, मालकाला पीक घेता येते आणि खुणेचे खांब तेवढे उभे असतात. तेथे वर तार नाही हे कोणी लक्षात आणून दिले, तर तार जमिनीखाली गेली आहे, तेव्हा सरकारही एक मजला खाली गेले असणार, असे उत्तर मिळते. कालव्याच्या काठचा सेवारस्ता मात्र खरोखरच सरकारचा असतो आणि त्यावर वाहनांना मनाई असल्याचा फलकही सरकारचाच असतो. तेथे ‘सरकार म्हणजे आपणच’ हे पोटवचन लागू होते. पंचाईत एकदाच झाली. रानडुकरांपासून भुईमूग राखण्यासाठी एका शेतकऱ्याने सौर झटका मशीनची तार गुडघाभर उंचीवर ओढली होती, आणि तार वर नसून समोर असल्यास खाली कोण असते, याची तरतूद वचनात नव्हती. तारपंथ्याने ती बोटाने तपासली. त्यानंतरचा अर्धा तास तो गाडीतच बसून होता.

जिज्ञासूंनी हाच मनुष्य त्याच्या गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळात पाहावा. तेथे पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेली त्याची जागा आहे, तिच्यावरून इमारतीच्या विजेची जाड केबल गेली आहे, आणि शेजाऱ्याच्या स्कूटरचे मागचे चाक पट्ट्यावर चार बोटे आले, तर तो मोजपट्टीसह छायाचित्र काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो व खासगी मालमत्तेच्या पावित्र्याविषयी तीन परिच्छेद लिहितो. केबल वर असूनही त्या जागेखाली सरकार असल्याचे त्याने अद्याप सुचवलेले नाही.

वाहिनीखालून जाण्याचा अधिकार ज्याला खरोखर आहे, तो पारेषण कंपनीचा कर्मचारी त्या पट्ट्यातून पायी जातो. मनोऱ्यावरचे चिनी मातीचे किंवा काचेचे विद्युतरोधक फुटले आहेत काय, झाडाची फांदी तारेच्या जवळ आली आहे काय, हे पाहत तो खाचराच्या बांधावरून एकामागे एक पावले टाकतो, आणि वाटेत घर लागले की हाक मारून पाणी मागतो.

तारपंथ्याच्या सिद्धवचनाला तडा गेला तो साताऱ्याकडच्या त्याच्या मूळ गावी. आजोबांच्या जमिनीवरून वाहिनी जाणार असल्याचे पत्र चुलतभावाने पाठवले. सातबाऱ्यावर वारसांची अकरा नावे होती आणि त्यांत याचे सहावे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारेखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाई सुचवली होती, व जून २०२४ मध्ये ही प्रमाणे अनुक्रमे २०० आणि ३० टक्के करण्यात आली, हे सारे त्याने एका रात्रीत पाठ केले. संबंधित अधिकाऱ्यापुढे त्याने जे निवेदन केले ते संप्रदायाच्या इतिहासात धर्मांतर म्हणूनच नोंदले जाईल: ‘साहेब, तार फक्त वरून जाते. जमीन आमची आहे.’

त्यानंतर तो ती जमीन पाहायला गेला. शिवेवर चुलतभाऊ म्हणाला, ‘गाडी हितंच लाव,’ आणि आश्चर्य असे की त्याने ती निमूट लावली, बूट हातात घेतले आणि बांधावरून भावाच्या मागे चालू लागला. आपला वाटा कुठून कुठपर्यंत, हे त्याला दाखवावे लागले. आजोबांची विहीर त्याने प्रथमच पाहिली. शनिवारी-रविवारी परक्यांच्या शिवारात तो जे शोधत असतो, ते कदाचित दोन पिढ्यांपूर्वी याच बांधावर सुटले असावे, असा तर्क करता येतो. त्याला स्वतःला विचारले तर तो टायरमधील हवेचा दाब सांगू लागेल.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा याच छंदातली मंडळी आपल्या गाड्या घेऊन मदतीस उतरली होती. मावळातल्या त्या शेतकऱ्याचा अनुभवही असाच आहे. बांध फुटल्यानंतर त्याने पट्ट्याच्या तोंडाशी जेसीबी लावून आडवा चर खणून घेतला, आणि पुढच्याच भाद्रपदात त्याची स्वतःची भाजीची पिकअप रात्रीच्या पावसात त्या चराच्या कडेला आसापर्यंत रुतली. फोन गेल्यावर तारपंथी दीड तासात आला, विंचचा, म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेल्या यांत्रिक रहाटाचा, दोर सोडून चिखलात गुडघे टेकून त्याने आकडा अडकवला, पिकअप बाहेर काढली, पैसे घेतले नाहीत आणि पहाटे ओसरीवर पिठलंभाकरी खाताना चर खणल्याबद्दल एक अवाक्षरही काढले नाही. ‘वर तार’ एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले होते, पण पुढचे त्याने भाकरीबरोबर गिळले.

शेतकऱ्याने चर बुजवला नाही. त्याने दोन जाड फळ्या करून घेतल्या आहेत. तारपंथ्याने आदल्या दिवशी फोन करून विचारले, की त्या चरावर टाकल्या जातात आणि गाडी खाचरे टाळून पलीकडच्या माळावर जाते. अन्यथा बेकायदेशीर ठरली असती अशी कृती आपल्या जमिनीवर करू देणाऱ्या या परवानगीस १८८२ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये अनुज्ञप्ती म्हटले आहे. तिच्यामुळे जमिनीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, आणि कलम ६० प्रमाणे, काही अपवाद सोडल्यास, देणाऱ्याला ती काढून घेता येते. भातलावणीपासून कापणीपर्यंत फळ्या गोठ्यात ठेवलेल्या असतात.