हरिश्चंद्रगडावर खिचडी शिजवण्याची शास्त्रोक्त पद्धत

गडावर उत्तम जेवायचं असेल तर पहिलं पथ्य असं की ज्याला खरोखर स्वयंपाक येतो अशा माणसाला सोबत नेऊ नये. तो पाचनईतच विचारतो, ‘हिंग घेतलंय ना?’ आणि पहिल्या चढाआधीच सगळ्यांचे चेहरे पडतात. गडावरची खिचडी आत्मविश्वासावर शिजते.

सामानाची वाटणी आदल्या रात्री करावी. तांदूळ, बटाटे आणि पातेलं सर्वांत नवख्या गड्याच्या सॅकमध्ये कोंबावं. मसाल्याची पुडी लीडरने सांभाळावी, जबाबदारी मोठी असते. मीठ कुणाकडेच द्यायचं नाही. ते दुसऱ्याकडे आहे याची प्रत्येकाला खात्री असते. तेल पाण्याच्या जुन्या बाटलीत भरावं. झाकण घट्ट लावलं होतं, असं मी आजही शपथेवर सांगतो. पण माझ्या स्लीपिंग बॅगला तीन धुण्यांनंतरही फोडणीचा वास येतो.

दुपारसाठी घरून दशम्या आणाव्यात. पीठ दुधात भिजवलेलं असल्यामुळे त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, पण त्यांचा दुसरा दिवस मी अजून पाहिलेला नाही. कसारा लोकलने ठाणं सोडलं की डबे उघडतात आणि आसनगावला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बोटाने पुसला जातो.

वर पोचल्यावर तीन दगड मांडून चूल पेटवू, असं म्हणणारा एक जण निघतोच. गड अभयारण्यात येतो, लाकूडफाटा तोडायचा नाही, हे त्याला समजावून देवळाजवळच्या टाक्यावर पाण्याला पिटाळावं. मग छोटा गॅस काढावा आणि वाऱ्याच्या बाजूला सॅकांची तटबंदी उभारावी. वारा दुसऱ्या बाजूने येतो. तटबंदी हलवावी.

आता शास्त्र. दर तीनशे मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. गडमाथा चौदाशे मीटरच्या आसपास, म्हणजे पाणी ९५ अंशांनाच उकळायला लागतं. बुडबुडे मनासारखे येतात, सगळे ताटल्या घेऊन बसतात, पण तूरडाळ गोट्यांसारखी टणक राहते. अशा वेळी आच वाढवून उपयोग नसतो, पाणी त्याहून तापत नाही. फक्त लवकर आटतं, बूड लागतं आणि गॅस संपतो. मुगाची डाळ आणून ती तासभर भिजत घालायची असते, हे ज्ञान इथे प्राप्त होतं.

आम्हाला ते शेजारच्या झोपडीतून प्राप्त झालं. मावशींनी झाकण उचललं, एक दाणा नखाने दाबून पाहिला.

‘तुरीची घातली व्हय? एवढं वझं कशापायी आणलं रं पोरांनो?’

पातेलं त्यांनी आपल्या चुलीवर नेलं, तांब्याभर पाणी ओतलं, झाकणावर दगड ठेवला आणि निखारे पुढे ओढले. तोवर आमच्यापुढे नाचणीची भाकरी, पिठलं आणि बुक्कीने फोडलेला कांदा आला. दुसऱ्या भाकरीनंतर कुणी बोलेना. तासाभराने खिचडी तयार झाल्याची हाक आली तेव्हा लीडरसुद्धा घोरत होता.

सकाळी ती मावशींच्या कुत्र्याने खाल्ली. अळणी होती, पण त्याने तक्रार केली नाही.