बिघाडांचा आठवडा आणि शनीची निर्दोष सुटका

‘दुष्काळात तेरावा महिना’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो महिना कुणीतरी मुद्दाम मध्ये घुसडला अशी त्यात तक्रार असते. खरं तर अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतोच, आणि कधी येणार ते पंचांगात आधीपासून छापलेलं असतं. घरातल्या बिघाडांचंही असंच आहे. सोमवारी मिक्सरने राम म्हटला, मंगळवारी गिझर थंड पडला, बुधवारी फ्लशची टाकी वाहू लागली, गुरुवारी पाणीच न आल्यामुळे ती आपोआप थांबली आणि शुक्रवारी सकाळी कामाच्या मावशींचा ‘ताई, आज जमायचं नाही’ असा फोन आला, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘नजर लागली कुणाची तरी.’ कुणाची, यावर मग चहाच्या वेळी संशयितांची यादी तयार होते आणि तीत नुकतंच घर बघून गेलेले पाहुणे पहिल्या क्रमांकावर असतात. माझं म्हणणं असं, की यात पाहुण्यांचा दोष नाही आणि ग्रहांचा तर मुळीच नाही. बिघाड हे घोळक्यानेच यायचे. तो घोळका लहान राहतो की मोठा होतो, हे मात्र बऱ्याच अंशी आपण त्या आठवड्यात किती हात चालवतो यावर ठरतं. म्हणून अशा आठवड्यात करण्यासारखी सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे, शक्य तितकं काहीच न करणं.

आधी शनिमहाराजांचं प्रकरण निकालात काढू, कारण पहिला आरोप नेहमी त्यांच्यावरच होतो. साडेसातीचा हिशोब सोपा आहे. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं मुक्काम करतो. आपल्या राशीच्या आधीची रास, आपली रास आणि नंतरची रास मिळून साडेसात वर्षं. याचाच अर्थ असा, की कोणत्याही क्षणी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. म्हणजे चार माणसांच्या घरात सरासरी एक माणूस कायम साडेसातीत असतो; बाबांची संपते तोवर मुलीची लागते. इतकी सोयीची व्यवस्था असल्यावर मिक्सर कोणत्याही वर्षी जळला तरी साडेसातीतच जळणार. पण त्याच साडेसातीत फ्रिज बिनतक्रार चालला, दूध नासलं नाही, बर्फही वेळेवर झाला, त्याचं श्रेय शनीला कुणी दिल्याचं ऐकिवात नाही. शिवाय स्वभावाचाही विचार करायला हवा. सूर्याभोवती एक फेरी मारायला ज्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, असा निवांत ग्रह सोमवार ते शुक्रवार धावपळ करून एका दोन बेडरूमच्या फ्लॅटमधली चार उपकरणं बंद पाडेल, हे काही पटत नाही. संशयाचा फायदा नव्हे, त्याला निर्दोष सुटकाच मिळायला हवी.

मग सगळं एकदम का होतं? याचं पहिलं उत्तर असं, की एकदम न होणं हीच जास्त दुर्मीळ गोष्ट आहे. समजा आठवड्यात सात बिघाड व्हायचे आहेत आणि कोणता बिघाड कोणत्या वारी येईल यावर कुणाचाच ताबा नाही. असे सात बिघाड सात वारांत वाटले जाण्याचे एकूण ८,२३,५४३ प्रकार होतात. त्यांतल्या फक्त ५,०४० प्रकारांत रोज एक, रांगेत उभं राहून, असा शिस्तीचा कार्यक्रम होतो. म्हणजे १६३ आठवड्यांत जेमतेम एकदा. बाकी सगळ्या वेळी एखाद्या वारावर दोघे-तिघे एकदम येऊन बसणार आणि एखादा वार कोरा जाणार. कोऱ्या वाराची दखल घ्यायची आपल्याला सवय नाही. ‘आज गिझर चालला गं’ हे सांगायला कुणी माहेरी फोन करत नाही. हा भ्रम काही मिक्सर-गिझरपुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मनांचे उडते बॉम्ब पडत होते, तेव्हा ते ठरावीक भागांवरच नेम धरून टाकले जातात असं लोकांना वाटायचं. १९४६ साली आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचे ५७६ सारखे चौकोन पाडून ५३७ बॉम्ब कुठे कुठे पडले ते मोजलं. २२९ चौकोनांत एकही नव्हता, कुठे तीन होते, कुठे चार, आणि ही सगळी विभागणी निव्वळ योगायोगाने व्हावी तशीच निघाली. चार बॉम्ब झेललेल्या चौकोनातल्या लोकांना हे पटलं असतं का, ते सोडा. चार उपकरणं गेलेल्या घरालाही ते पटत नाहीच.

पण योगायोग ही अर्धीच गोष्ट झाली. घरातल्या वस्तू एकमेकींना ओळखत नसल्या तरी त्या एकाच तारेवर आणि एकाच नळावर जगत असतात. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार, आणि त्या निवेदनाचं शेवटचं वाक्य पुणेकरांना आरतीसारखं पाठ आहे: शुक्रवारी सकाळी पाणीपुरवठा उशिरा आणि कमी दाबाने होईल. त्या शुक्रवारच्या पाण्याबरोबर रिकाम्या वाहिन्यांमधला गाळ आणि गंज येतो. तो आधी वॉशिंग मशिनच्या पाइपातल्या बारीक जाळीत बसतो, मग वॉटर प्युरिफायरच्या फिल्टरमध्ये, मग शॉवरच्या छिद्रांत. मधल्या काळात सोसायटीने टँकर मागवला असेल आणि त्याचं पाणी जड असेल, तर गिझरच्या कॉइलवर क्षारांचा आणखी एक थर चढतो आणि ती एक पाऊल निवृत्तीकडे सरकते. घरातल्यांच्या दृष्टीने हे चार वेगळे बिघाड, चार वेगळे फोन आणि चार वेगळे व्हिजिट चार्ज. कारण मात्र एकच, आणि तेही आदल्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलेलं.

विजेचं प्रकरण याहून चमत्कारिक आहे. रस्त्यावरच्या डीपीतून इमारतीला तीन फेज आणि एक न्यूट्रल मिळतो; फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे ४००. पावसाळ्यात कुठेतरी न्यूट्रलचा जोड सुटला, की वेगवेगळ्या फेजवरच्या घरांना ते ४०० व्होल्ट आपसांत वाटून घ्यावे लागतात, आणि ही वाटणी भाऊबंदकीतल्या वाटण्यांइतकीच अन्यायाची असते. ज्या घरात इस्त्री, गिझर, एसी असं सगळं चालू आहे तिथे दिवे मंदावतात. आणि ज्या घरात बिचारे आजोबा बिल कमी यावं म्हणून एकच दिवा लावून बसलेत तिथे व्होल्टेज चढतं. दिवा आधी लग्नघरासारखा उजळतो, मग सेट-टॉप बॉक्स जातो, वायफायचा अडॅप्टर जातो, फ्रिजचं कार्ड जातं. आजोबांना वाटतं, आपण कुणाचं काय वाईट केलं होतं? वाईट काहीच नाही. त्यांनी काटकसर केली होती. यात आणखी एक भर म्हणजे वस्तूंचं वय. नवीन घरात राहायला जाताना किंवा दसऱ्या-दिवाळीच्या ऑफरमध्ये आपण सगळं एकाच आठवड्यात घेतो. बारशी एकदम झाली असतील तर दहा वर्षांनी गुडघेही एकदमच कुरकुरणार.

सणांचा भाग तर उघड आहे. वर्षभर जो मिक्सर सकाळी ओल्या नारळाच्या चटणीपुरता उठायचा, त्याला दिवाळीच्या आठवड्यात पिठीसाखर, लाडवांचं सारण, मसाले असं पहाटेपासून राबवलं जातं. दोन मिनिटं फिरवा आणि थोडा थांबू द्या, हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण ती पुस्तिका मिक्सरच्याच खोक्यात असते, आणि ते खोकं माळ्यावर, फराळाच्या डब्यांच्या मागे. मग तो ऐन रंगात थांबतो आणि ‘जळला’ असा निकाल दिला जातो. वास्तविक बऱ्याच मिक्सरांच्या पोटाखाली ओव्हरलोडचं एक छोटं लाल बटण असतं. मोटर तापली की ते बाहेर येऊन वीज तोडतं. थोड्या वेळाने आत दाबलं की गाडी पुन्हा सुरू. या बटणाची माहिती ज्या घरांत नाही, त्या घरांत दुकानदाराने हे बटण दाबण्याचे पैसे आजवर किती घेतले असतील, याचा विचार न केलेला बरा. सणाच्या दिवसांत दुरुस्ती करणारी माणसंही नेमकी नसतात. गणपतीत प्लंबर कोकणात असतो आणि इलेक्ट्रिशियन बिहारचा असला तर दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठपूजेसाठी गाडीत बसलेला असतो. ‘गरजेच्या वेळी बरोबर गायब’ ही तक्रार रास्त वाटते, पण आपल्याला ज्या कारणाने गरज पडते त्याच कारणाने तो सुट्टीवर असतो. त्यालाही घर आहे, आणि तिथलाही नळ गळत असेल.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आपल्या हातांकडे येतो. पहिला बिघाड नशिबाने होतो असं घटकाभर मानलं, तरी तिसरा आणि चौथा बहुधा आपण पहिला दुरुस्त करताना करतो. फ्लश दुरुस्त करायचा म्हणून दहा वर्षं कुणी न हलवलेला कॉक जोर लावून बंद केला जातो. फ्लश सुधारतो आणि कॉक दांडीपाशी ठिबकू लागतो. गिझरसाठी मेन बंद केला, की वायफाय स्वतःची सेटिंग विसरतो. ‘आता माणूस आलाच आहे तर तेवढा फ्रिजमागचा प्लग पण बघून घ्या’ हे वाक्य तर कायद्याने बंद करावं इतकं महाग आहे. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन यांना नेमकं हेच आढळलं. विमानांची ठरलेली तपासणी झाल्यावर बिघाड कमी व्हायला हवे होते. ते उलट तपासणीनंतर लगेच वाढत आणि मग हळूहळू उतरत. ठीकठाक चाललेल्या यंत्राला उघडून बघितलं की त्याची घडी मोडते. तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ होते. आपल्याकडे टेफ्लॉन टेपचं अर्धं रीळ, एम-सीलचा वाळलेला गोळा आणि यूट्यूबवरचा बारा मिनिटांचा व्हिडिओ असतो.

यावर व्यवस्थित माणसांचा आक्षेप ठरलेला आहे: मग काय, गळती तशीच ठेवायची? वार्षिक देखभालीचा करार कशासाठी असतो? या मंडळींच्या कपाटात वॉरंटी कार्डं तारीखवार लावलेली असतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालताना मला नेहमीच थोडं दडपण येतं. पण मी आळसाचा पुरस्कार करत नाही, आळसाच्या वेळापत्रकाचा करतो. गॅसचा वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या सताड उघड्या, दिव्याच्या एकाही बटणाला हात नाही आणि १९०६ वर फोन. इथे तत्त्वज्ञान चालत नाही. गिझरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तरी तेच: मेन खाली, आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चुलीवर तापवल्यासारखं गॅसवर पाणी. या दोन्ही गोष्टी जिवाच्या आहेत. त्या सोडल्या, तर बाकी जवळजवळ सगळं शनिवारपर्यंत थांबतं. ठिबकणाऱ्या नळाखाली बादली ठेवली की तो नळ राहत नाही, संथ गतीचा पाणीपुरवठा होतो. आणि गुरुवारी त्या बादलीची किंमत कळते. मिक्सर नसेल तर खलबत्ता आहे. खलबत्ताही नसेल तर त्या आठवड्यात चटणी नाही. देखभाल जरूर करावी, पण ती आठ महिन्यांनी, घर शांत असताना, एका वेळी एका वस्तूची. चार बिघाडांच्या आठवड्यात पाचवं झाकण उघडायचं नाही.

दुसरा आक्षेप घरातल्या गृहिणींचा आहे आणि तो जास्त खरा आहे. ‘शनिवारपर्यंत थांबतं’ असं म्हणणाऱ्याला गुरुवारी भांडी घासावी लागत नाहीत. मावशी आल्या नाहीत, मशिन बंद आणि पाणी नाही, अशा दिवशी न करण्याचं सगळं काम एकाच व्यक्तीला करावं लागतं, आणि उरलेले आकडेमोड करत बसतात. यावर मला बचाव नाही. फक्त दुरुस्ती सुचवतो. काही न करण्याचा आठवडा सगळ्या घराने मिळून पाळायचा. साग्रसंगीत जेवण बंद, मुगाची खिचडी चालू. ताटांऐवजी एकेक वाडगा. इस्त्रीच्या कपड्यांऐवजी जे वाळलं ते. आणि रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना ‘या ना, काही विशेष नाही’ असं न सांगता, खरोखर काही विशेष आहे असं सांगायचं.

राहता राहिला आजीचा आक्षेप. नजर नाही, शनी नाही, मग दारावर लिंबू-मिरची बांधायची की नाही? खुशाल बांधावी. वर मांडलेल्या पुराव्यावरून पाहिलं तर लिंबू-मिरची हा सर्वांत निर्धोक देखभाल करार आहे. व्हिजिट चार्जपेक्षा ती स्वस्त पडते, आठवड्याला बदलते, आणि मुख्य म्हणजे ती एकाही झाकणाचा स्क्रू उघडत नाही. सत्यनारायणालाही माझी हरकत नाही; उलट घरातली सगळी माणसं तासभर पाटावर बसून राहिली, तर तेवढा वेळ तरी पान्याला कुणी हात लावणार नाही. प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापाने होतो. रवा, तूप, साखर, दूध आणि केळं, यांतल्या कशालाच मिक्सर लागत नाही. दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, एवढं मात्र रवा भाजायला घेण्याआधी हलवून बघावं.