प्रात्यक्षिकासह नेटवर्किंग

डेटा सेंटरचे नेटवर्किंग हाताने करून शिकायचे, तर चंद्रपूर-गडचिरोलीसारखी प्रयोगशाळा नाही. पुण्यातल्या पोरांना केबल उपसून लिंक पाडावी लागते. इकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की अख्खे भामरागड आपोआप डाउन. प्रशिक्षकाला हातही लावावा लागत नाही. सबनेटिंगचा धडा तर शासनाने 1982 सालीच घेतला, एका चंद्रपूरचे दोन जिल्हे करून. सिग्नलची पाहणी म्हणजे मोबाइल घेऊन टेकडी चढणे. एक कांडी दिसली की तिथे दगड ठेवावा, पुढच्या तुकडीची सोय होते. स्विच मात्र फळ्यावर खडूनेच काढलेला बरा, वीज गेली तरी चालू राहतो. आणि कूलिंगच्या प्रात्यक्षिकाला मे महिन्यातले चंद्रपूर! इथे जो सर्व्हर तगला, तो कुठेही तगेल.

आमची एवढीच सूचना, की प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन द्यावे. ज्याला ते आपल्या गावात बसून उतरवता आले, तो उत्तीर्ण.

नोकरी अर्थात नवी मुंबईत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची 2,920 मेगावॅट क्षमता राज्याच्या ग्रिडला जोडलेली आहेच, आता पोरेही जोडली जातील. राउटिंग टेबलात परतीचा मार्ग तेवढा भरायचा राहिलाय.