डाव्या पायाला काम

मोताळ्याच्या बसस्टँडसमोर चहा पिता पिता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर निकाल देणारी जी मंडळी बसते, तिच्यात एक तरी निवृत्त एसटी ड्रायव्हर असतोच. आमच्याकडच्या नमुन्याला सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणतात. मलकापूर डेपोत भाऊंची हयात गेली आणि राजूरच्या घाटात क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानानं सांगतात.

त्या गुडघ्यापायीच पुण्याच्या मुलानं त्यांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. डाव्या पायाला आराम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊंनी गाडीत डोकं घातलं, खाली पाहिलं आणि विचारलं, “तिसरं पेडल कुठी हाये?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की जणू खात्यानं पेन्शन बंद केली.

पहिल्याच दिवशी बाजाराजवळ म्हैस आडवी आली. भाऊंचा डावा पाय सवयीनं उठला आणि क्लच समजून पुऱ्या ताकदीनं ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी खिळली. शेजारी बसलेल्या वहिनींच्या मांडीवरचा दह्याचा डबा डॅशबोर्डवर गेला. मागच्या ऑटोवाल्यानं भाऊंच्या तीस वर्षांच्या निर्धोक सेवेचा मुलाहिजा न ठेवता जे काही ऐकवलं, ते इथे छापण्यासारखं नाही. म्हैस मात्र सावकाश निघून गेली.

तेव्हापासून भाऊंनी एकच धरलं आहे: हिचं मॅन्युअल करून घ्यायचं.

या माणसाचं कान हेच शिक्षण. ओट्यावर बसल्या बसल्या लांबून बसचा आवाज ऐकून ते सांगतात, “दुसऱ्यात काहून ओढून राह्यला हा? नवा दिसते.” जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नसे, तेव्हा डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक ठोसा, पुन्हा क्लच, मग गिअर. चुकलं तर सगळ्या बसला कळायचं. आजही ही विद्या सांगताना भाऊंचा उजवा हात चहाच्या कपाला धरून असतो आणि टेबलाखाली पाय सगळं करून दाखवत असतात. ज्याच्या अंगात एवढी विद्या मुरली आहे, त्याला ‘तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा’ म्हणणं हा माझ्या मते अन्यायच आहे.

त्यांच्या तक्रारीही अगदीच पोकळ नाहीत. बॅटरी बसली तर ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं चालू होत नाही, आणि मोताळ्यात तर धक्का द्यायला माणसं न बोलावता येतात. दुसरी तक्रार घाटाची. बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना गाडी खालच्या गिअरात इंजिनावर धरावी, हा भाऊंचा धर्म. गाडीत ‘एम’ मोड आहे, गिअर हातानंही बदलतो, हे मुलानं फोनवर समजावलं. भाऊंनी तो वापरून पाहिला. चुकीचा गिअर मागितला तर गाडी देत नाही, आणि इंजिन फार ओरडायला लागलं तर स्वतःच वरचा टाकते. “म्हंजे आपण अर्ज करायचा,” भाऊ म्हणाले, “अन् मंजुरी गाडी देईन!”

मग मलकापूर रोडवरच्या मिस्त्रीनं घोटाळा केला. त्यानं खरं सांगून टाकलं. ही गाडी एएमटी प्रकारातली. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतात आलेला हा प्रकार. अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं १९४० च्या मॉडेलपासून विकलेल्या ऑटोमॅटिकसारखं यात काही अवघड नाही. आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच, क्लचही तोच. फक्त वर एक ॲक्चुएटर बसवलेला, तो क्लच दाबतो, गिअर टाकतो. कधी टाकायचा ते छोटा कॉम्प्युटर सांगतो.

भाऊंचे डोळे चमकले. “म्हंजे आतमंदी दुसरा ड्रायव्हर बसवला हाये! त्याले काढ.”

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. पेडलचा सेट बदला, क्लचची केबल टाका, गिअरचा दांडा आणि त्याच्या केबली बदला, वायरिंग उसवा. एवढं करून इंजिनाचा कॉम्प्युटर बसणार रुसून, कारण ब्रेकवर पाय आणि दांडा ‘एन’वर असल्याची खबर मिळाल्याशिवाय तो स्टार्टच देत नाही. वर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत परस्पर बदल करण्याविषयीचं. अपघात झाला तर विमावाले काय काय विचारतील ते वेगळंच. “भाऊ, एवढ्या खर्चात जुनी मॅन्युअल गाडी येईन.”

हे भाऊंना पटण्यासारखं होतं, पण घरात दुसरंच काही घडत होतं. वहिनी नळगंगा धरणाच्या रस्त्यावर भाच्याबरोबर गाडी शिकल्या. आठवड्यात शिकल्या. आता बहिणीकडे धामणगाव बढ्याला एकट्या जातात, येताना वांगी आणतात, आणि गाडी विकायचं नाव काढलं की त्या दिवशी वांग्याची भाजी होत नाही. “जे गाडी आठ दिवसांत येते, तिले गाडी म्हनावं का?” असं भाऊ चहाच्या टपरीवर विचारतात. घरी विचारत नाहीत.

शेवटी मिस्त्रीलाच त्यांची दया आली. परवा गॅरेजात भाऊ उघड्या दारातून खालच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, एक करू का? तुमच्या घरी ओट्यावर खुर्चीसमोर एक जुनं पेडल ठोकून देतो. कायलेच जोडत नाई. बसून दाबत जा.”

आम्हांला वाटलं, आता मिस्त्रीची काही धडगत नाही. भाऊंनी गुडघ्यावरून हात फिरवला, रस्त्यावरून चाललेल्या बसकडे पाहिलं आणि म्हणाले, “स्प्रिंग मातर कडक टाकजो.”