एक मिनिट, पेन घेतो

आमच्या रिव्हर्सल काकांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव दुसरं असेल, चष्म्याची काडी सरळ असेल, पण मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता, सगळं नागपूर कूलरपुढे आडवं झालेलं असताना, जिन्यात उभं राहून “मी काय म्हणून राहिलो मॅडम, ते तुम्ही ऐकूनच नाही राहिल्या,” असं ठणकावणारा माणूस तोच. जिन्यात रेंज चांगली येते म्हणतात. तीन मजल्यांचे श्रोतेही तिथेच मिळतात, हे ते म्हणत नाहीत.

विषय कायम एकच, क्रेडिट कार्डाची लेट फी. ती लागते आणि काका ती परत आणतात; बँकेच्या भाषेत ‘रिव्हर्सल’. सोसायटीतल्या पोट्ट्यांनी त्यांचं नावच तसं पाडलंय.

पद्धत ठरलेली आहे. पलीकडची मुलगी म्हणते, “सर, ही फी सिस्टिमनं लावली आहे.” काका म्हणतात, “एक मिनिट, पेन घेतो.” पेन खिशातच असतं, टोपणही निघालेलं असतं. तरी ते वेळ जाऊ देतात, कागद फडफडवतात, खोकतात. मग, “हं, सांगा. आपलं शुभनाम? एम्प्लॉयी कोड? वेळ तीन वाजून बारा मिनिटं. आणि सिस्टिम कोणती म्हणाल्या?” पलीकडे शांतता. निम्मी फी इथेच माफ झालेली असते.

उरलेल्या निम्म्यासाठी त्यांच्याकडे रिझर्व्ह बँक आहे. एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांची प्रिंट त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, आणि लावायची ती उरलेल्या रकमेवर, अख्ख्या बिलावर नाही. एकदा बारा हजारांपैकी साडेअकरा हजार भरलेले असताना बँकेनं बारा हजारांच्या हिशेबानं फी लावली. ती दुपार आमच्या जिन्याच्या इतिहासात अमर आहे. फारच ताणलं तर काका कार्ड बंद करा म्हणतात आणि लगेच पुढचं कलम वाचतात: बाकी नसेल तर सात कामकाजी दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे. एवढं ऐकलं की फोन आपोआप वरच्या साहेबाकडे जातो. तिथे पुन्हा पेन.

फी परत आली म्हणजे संपलं असं समजू नका. पाचशेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे नव्वद रुपये. पाचशे आले, नव्वद राहिले, की काकांचा दुसरा डाव सुरू.

हे फक्त बँकेपुरतं असतं तर मी लिहायलाच बसलो नसतो. गोकुळपेठच्या बाजारात संत्रेवाला म्हणाला, “साखर आहे काका, साखर.” “एक मिनिट, पेन घेतो.” हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिन्यांत गुडघा बरा होईल. “एक मिनिट...” डॉक्टरांनी तिथल्या तिथे ‘होऊ शकतो’ अशी दुरुस्ती केली. आमच्याकडच्या सत्यनारायणाला गुरुजींनी सकल मनोरथ पूर्ण होतील असा आशीर्वाद दिला, तेव्हा काकांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. प्रसादाचा द्रोण पुढे करून मी तो अडवला, नाहीतर गुरुजींना शुभनाम सांगावं लागलं असतं.

“काका, ऑटो पे लावून टाका ना,” असं कोणीतरी नवखा हमखास सुचवतो. “म्हणजे घराची किल्ली बँकेकडे ठेवू? काहीच्या काही!” आता बघा, या गृहस्थाचं विजेचं बिल आल्या दिवशी भरलं जातं. घरटॅक्स सवलतीच्या मुदतीत जातो. एलआयसीचा हप्ता कधी चुकला नाही. विसरते ती फक्त कार्डाची तारीख, तीही अशा बेतानं की चौथा दिवस उजाडावा. माझा संशय तुम्हाला कळला असेल.

काकांची उभी नोकरी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात गेली. राज्य सरकारच्या खात्यांच्या फायलींवर आक्षेप काढायचे, हाच धंदा. कुठल्या खात्यानं पाइप जास्त दरानं घेतले, कुठे पावतीवर सही नाही. आक्षेप जायचा, स्मरणपत्र जायचं, स्मरणपत्राचं स्मरणपत्र जायचं. काही आक्षेपांची उत्तरं काका रिटायर झाल्यावरही आली नाहीत. आणि इथे? एक बटण दाबा, नऊ दाबा, थोडा वेळ सतार ऐका, की एक जिवंत माणूस ‘सर’ म्हणतो, चूक मान्य करतो, वर विचारतो, “आणखी काही मदत करू शकते का?” इतक्या वर्षांत महाराष्ट्र शासनानं त्यांना हे एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून २० डिसेंबर २०२४ ला त्यांना घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. क्रेडिट कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं गैर, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सुप्रीम कोर्टानं त्या दिवशी रद्द केला. काका दोन दिवस जिन्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “व्याजाचं सोडा. फी तर आपल्या हातात आहे.” रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाऊन आले, म्हणजे कागद पाठवून आले. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर तिथे फुकट तक्रार करता येते. “रिझर्व्ह बँक आपल्या संविधान चौकात, इथून स्कूटरनं दहा मिनिटं. अन् कागद पाठवा म्हणे चंदीगडले!” ऑनलाइन होतं, हे त्यांना माहीत आहे. पण पोस्टाची पावती ऑनलाइन कुठली?

आता एक गोष्ट सांगावीच लागते, नाइलाज आहे. आमच्या वॉचमनचा पोरगा घरोघरी जेवण पोहोचवायचा. मॉलमधल्या टेबलावर त्याच्या गळ्यात एक कार्ड पडलं. मग गाडीवरून पडून पाय मोडला, हप्ते थकले, फीवर फी चढली आणि रात्री दहाला वसुलीचे फोन येऊ लागले. बँक कार्डधारकाशिवाय कोणाशी बोलत नाही. तेव्हा काका त्याच्याशेजारी पायरीवर बसले, कागदावर मोठ्या अक्षरात एकेक वाक्य लिहून पुढे सरकवत, आणि पोरगा ते फोनवर वाचत गेला. ‘सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही.’ ‘हे उत्तर मला लेखी द्या.’ पेन त्या आठवड्यात खरंच लागलं. फी सुटली, व्याज सुटलं नाही. ते हप्त्यानं फिटेपर्यंत काका दर महिन्याला पावती तपासायचे. मिनिमम ड्यू भरला की फी टळते, व्याज चालूच राहतं, हे त्याला त्यांनी इतक्या वेळा समजावलं की तो आता त्यांना पाहून रस्ता बदलतो. पेढे मात्र काकांनी घेतले नाहीत. “पेढ्यांचं बिल आहे का?” म्हणाले.

मागच्या महिन्यात घात झाला. बँकेनं माणसं काढून ॲपमध्ये यंत्र बसवलं. काकांनी टाइप केलं, लेट फी. क्षणात उत्तर आलं: आपल्या विनंतीनुसार फी परत केली आहे, जीएसटीसह. ना शुभनाम, ना कोड, ना सतार. काका बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग मला विचारलं, “यानं काऊन दिली असेल? मी तर काही बोललोच नाही.” त्यानंतर दुपारी जिन्यात फक्त मांजर असायचं.

सोसायटीचा खजिनदार मी आहे. परवा काका दारात आले, हातात टाइप केलेला कागद. मेंटेनन्स उशिरा भरल्याबद्दल मी शंभर रुपये दंड लावला होता. आक्षेप क्रमांक एक: आदर्श उपविधींत थकबाकीवर व्याज आहे, सरळव्याज, जास्तीत जास्त एकवीस टक्के, ठोक दंड कोणत्या कलमाखाली? आक्षेप दोन, आक्षेप तीन. माणूस बरोबर होता. शंभर रुपये तिथेच खोडले असते तर विषय मिटला असता.

“काका,” मी म्हटलं, “हे माझ्या हातात नाही. सिस्टिमनं लावलंय. वर कमिटीला विचारावं लागेल, पंधरा दिवस तरी जातील.”

काका ताठ झाले. किती दिवसांनी त्यांचे डोळे असे चमकले. “तक्रार क्रमांक द्या,” ते म्हणाले.

मी दिला.